जुना कर्नेल

आमगावला राइस मिलच्या मागच्या गल्लीत रचनाचा संगणक वर्ग होता. वर्ग म्हणजे घराचीच पुढची खोली: चार मशीन, एक इन्व्हर्टर आणि कोपऱ्यात आठ महिन्यांच्या उत्पलाचा पाळणा. रचना बीएस्सी झालेली. पोरीचं दूध, झोप, ताप, सगळ्याच्या वेळा ती वहीत लिहून ठेवायची. सासूबाई शामकलाबाई हसायच्या, "लेकरू आहे का रेल्वे? टाइमटेबल लावून राहिली!"

२००६चा नोव्हेंबर. धानाची मळणी सुरू होती, हवेत भुसा तरंगत होता. गुरुवारी वर्गात परीक्षा होती आणि मोठ्या मशीनमधलं नवं नेटवर्क कार्ड तिथल्या लिनक्स प्रणालीला ओळखता येत नव्हतं. नवा कर्नेल, म्हणजे मशीनचा गाभा, घरीच बांधून बसवावा लागणार होता. नवरा संघदीप चिचगडच्या शाळेत मास्तर, घरी यायचा तो शनिवारीच. त्यानं फोनवर बजावलं, "जुना मिटवू नको. नवा उठला नाही तर जुन्यावर परतता येते."

"माहीत आहे मला. तुम्ही नका घाबरू."

"घाबरते तू. मी तर हसून राहिलो."

मंगळवारी सकाळी आठला ती बसली. मशीन एकेक विचारत गेलं: हे हवं? ते हवं? मेमरी थोडी, म्हणून रचनानं नको ते सगळं छाटलं. आवाज हवा? स्पीकर तर उन्हाळ्यातच जळाले होते. तिनं 'नाही' दिलं.

तीन तास पडद्यावर ओळी धावत होत्या. मग बसवायची आज्ञा दिली. आधीचा कर्नेल 'जुना' नावानं आपोआप बाजूला गेला, नवा त्याच्या जागी आला. मशीन पुन्हा सुरू केलं. नवा उठला. नेटवर्क लागलं.

उत्पलाही उठली. तिनं तोंड वासलं, चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आवाज मात्र नव्हता.

"काऊन वो, श्वास अडकला का लेकराचा?" सासूबाई धावत आल्या. पाठ थोपटली. श्वास नीट चालू होता. मिलची धडधड ऐकू येत होती, गल्लीतली सायकलची घंटी ऐकू येत होती. रडणं तेवढं नव्हतं.

डॉक्टरकडे निघताना रचनाचा हात मशीनकडे का गेला, तिलाही सांगता आलं नसतं. तिनं ते बंद करून पुन्हा लावलं. सुरू होताना आलेल्या यादीतून 'जुना' निवडला. ओळी वर सरकू लागल्या. आवाजाचं कार्ड सापडल्याची ओळ आली आणि पोरीनं टाहो फोडला.

योगायोग, तिनं स्वतःला समजावलं. मग पुन्हा करून पाहिलं. नव्यावर मुकी. जुन्यावर रडू. तिसऱ्यांदा करायची हिंमत झाली नाही.

जुन्यावरच राहावं, हे खरं. पण वीज जाऊन आली की मशीन आपोआप नव्यावर उठायचं, आणि गुरुवार परवावर आला होता. तिनं जुन्यावर बसूनच नवा कर्नेल पुन्हा बांधायला घेतला. या वेळी आवाजाला 'हो' दिलं. दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर काम चालू राहिलं. चारला बांधून झालं. तिनं बसवलं.

आणि मग तिच्या लक्षात आलं.

बसवायच्या आज्ञेनं सकाळचंच काम केलं होतं. जागेवर होता तो कर्नेल उचलून 'जुना' म्हणून ठेवला होता. जागेवर होता तो मुका. खरा जुना त्याच्याखाली पुसला गेला होता. आता तो उरला होता फक्त चालू मशीनच्या मेमरीत, वीज असेपर्यंत.

इन्व्हर्टर टुकटुक करू लागला.

"आई, लाइट केव्हा येते हो?"

"पाचले. काऊन?"

रचनानं पंखा बंद केला. बाकीची मशीन बंद केली. पाळण्यावर हात ठेवून बसली.

टुकटुक थांबली. पडदा काळा झाला.

पाचला वीज आली. मशीन आपोआप उठलं. ओळी सरकल्या. आवाजाचं कार्ड सापडलं.

रडणं घुमलं. खणखणीत, उत्पलाचंच.

रचना हसली, रडली. पोरीला उराशी धरून भिंतीला टेकली. "पाज तिले आता," म्हणत सासूबाई परसात गेल्या.

फोन वाजला. संघदीप होता.

"झालं का काम?"

"झालं."

"मग उत्पला एवढी काऊन रडून राहिली? भूक लागली असेल. पाज तिला."

रडणं खोलीत घुमतच होतं. रचनानं खाली पाहिलं.

पदराखाली उत्पला केव्हाची पीत होती. डोळे मिटून, अगदी शांत.