कोठडीतली हाक

वकीलबाई तुरुंगात गेल्या त्या साध्या पाहणीसाठी, आणि तीही भरदुपारी. दम्याचा एक कैदी तिथल्या आजाऱ्यांच्या कोठडीत एकटाच मेला होता. औषधाचा पंप काढून घेतलेला, डॉक्टरला कुणी बोलावलेलं नाही. बहिणीने दावा लावला तेव्हा तुरुंगाने कानांवर हात ठेवले. म्हणे, त्या जाड दारातून आवाज चौकीपर्यंत पोचतच नाही.

ते खरं की खोटं, हेच बाईंना पाहायचं होतं. कैदी मेला त्या दिवशी चौकीवर असलेला जेलरच सोबत होता. ठरलं असं की तो दार लावून चौकीत बसेल आणि बाई आतून एकदा हाक मारतील.

दार लागलं. फिनेलचा वास, ओलसर भिंत, रिकामी लोखंडी खाट. बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुठूनतरी शीळ घातल्यासारखा बारीक आवाज येऊ लागला. खाटेकडून येत असावा असं वाटलं. मग कळलं, तो त्यांच्याच छातीतून येत होता. जन्मात कधी दमा नव्हता, आणि आता श्वास आत जाईना. दारावर मारायला हात उचलेना. गुडघे टेकले...

दार धाडकन उघडलं. दारात जेलर, घामाने निथळलेला.

"ऐकू येतं, बाई," तो हळूच म्हणाला. "सगळं ऐकू येतं. आता त्याला गप्प करा."

"मी हाक मारलीच नाही," बाई कशाबशा म्हणाल्या.

जेलरने कोर्टात शपथेवर सांगितलं की आवाज पोचतो, त्या दिवशीही पोचला होता, आपणच सोंग समजून उठलो नाही. निकाल बहिणीच्या बाजूने लागला. बाहेर पायऱ्यांवर तिने त्याला गाठलं आणि एवढंच विचारलं, की पाहणीच्या दिवशी कोठडीतून काय ऐकू आलं?

तो पायरीवरच बसला.

"तुमच्या भावाचा आवाज होता. म्हणाला, साहेब, बाईंना श्वास घेता येत नाही, दार उघडा... मग मला म्हणाला, तुमची वेळ येईल तेव्हाही मी हाक मारीन. कुणी उठतंय का, बघू."

जेलरची नोकरी गेली. आता तो घरी एकटाच असतो आणि झोपताना खोलीचं दार सताड उघडं ठेवतो.

सकाळी त्या दाराला बाहेरून कडी असते.