काजळीची अंधारी पेटी

बारा कोंबड्या होत्या, त्यांच्यासाठी बारा चकचकीत पेट्या होत्या, आणि एकाही पेटीत अंडं नव्हतं. अंडी सापडायची ती खाली जमिनीवर, ओल्या भुशात, शिटेने माखलेली. आता सांगा, चूक कोणाची? मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, की कोंबड्यांची.

मी चैत्राली सणस, वय अकरा. पत्ता : चांद्रवस्ती, बोगदा क्रमांक तीन. आमची वस्ती चंद्राच्या जमिनीखाली आहे, आणि चंद्रावर आलेल्या पहिल्या कोंबड्या आणि त्यांचा एक कोंबडा माझ्या ताब्यात आहेत. त्यांना इकडे पाठवायची कल्पना माझ्या आजीची. आजी म्हणजे डॉक्टर शेवंता सणस. जनावरांची डॉक्टर. पस्तीस वर्षं तिने कोंबड्यांचा अभ्यास केला. कोंबड्या आधीच्या यानाने आल्या आणि आजी नंतरच्या यानाने. मधले चार महिने खुराडं मी आणि टापटीपने सांभाळलं. टापटीप हा आमचा सफाईचा यंत्रमानव. नाव अगदी शोभतं त्याला.

आजी पोहोचली त्याच दिवशी खुराड्यातली घंटा ठणाणा वाजली. हवेत अमोनिया (नाकाला झोंबणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा वायू) वाढला की ती घंटा वाजते. महिन्याभरातली ती सहावी वेळ होती. मागोमाग वस्तीप्रमुख रिबेलो साहेब नाकाला रुमाल लावून आले.

"सणस मॅडम, तुम्ही आलात, आनंद आहे," ते म्हणाले. "पण हवा आपल्या सगळ्यांची एकच आहे. ती अशी बिघडवून चालणार नाही. अठरा अंडी उबवणी यंत्रात (अंड्यांना ठरावीक ऊब देणाऱ्या पेटीत) ठेवली, एकातूनही पिल्लू निघालं नाही. एक तर आतच फुटलं. ते यंत्र मी बंद केलंय. तुमचं यान तीस दिवसांनी परत जाईल, त्यातून कोंबड्याही जातील."

"आणि तोवर पिल्लू निघालं तर?" आजीने विचारलं.

"निघालं, आणि घंटा वाजली नाही, तर बघू."

ते गेल्यावर मी रडले. लपवायचं कशाला? आमच्या वस्तीत माणसं आहेत, यंत्रं आहेत आणि गव्हाचं शेत आहे. पण हाक मारली की तुरुतुरु धावत येणारं दुसरं कोणी नाही. त्यातून काजळी तर माझा जीव की प्राण. काळी कुळकुळीत, एका डोळ्याने रोखून बघणारी.

आजीने मला पोटभर रडू दिलं. मग बाह्या वर सारल्या. "झालं? आता मला सांग चैते, अंडी यंत्रात ठेवायच्या आधी काय करत होतीस?"

"धूत होते. नळाखाली, स्वच्छ." मी अभिमानाने म्हणाले. वस्तीचा नियमच आहे तसा. धुतल्याशिवाय कुठलीही वस्तू एका दालनातून दुसऱ्या दालनात न्यायची नाही.

"गार पाण्याने?"

"गारच. गरम पाणी जपून वापरावं लागतं."

आजीने कपाळावर हात मारला. मग तिने एका वाटीत कोमट पाणी घेतलं आणि एक अंडं अलगद त्यात सोडलं. "बघ आता."

मी वाकून पाहिलं. जरा वेळाने अंड्याच्या पाठीवर मोहरीहून बारीक बुडबुडे धरले. एक सुटला, दुसरा सुटला. अंडं तर कुठेच तडकलेलं नव्हतं!

"आतली हवा कोमट झाली, फुगली आणि बाहेर पडली," आजी म्हणाली. "कुठून? कवचाला रंध्रं (डोळ्यांना न दिसणारी छिद्रं) असतात. एका अंड्याला हजारोंनी. आतलं पिल्लू त्यांतूनच श्वास घेतं. आता उलटं करू. उबदार अंडं गार पाण्यात घातलं, तर आतली हवा काय करील?"

"आकसेल."

"आणि आकसली की?"

मी मनात जुळवू लागले. आकसली की रिकामी जागा होणार. ती भरायला बाहेरचं काहीतरी आत ओढलं जाणार. बाहेर काय, तर पाणी. आणि त्या पाण्यात शिटेतले जंतू.

"म्हणजे मीच जंतू आत घातले?"

"घातलेस. शिवाय अंड्याचं कुलूपही काढून टाकलंस. अंडं बाहेर येतं तेव्हा त्याच्यावर एक ओलसर थर असतो, तो क्षणात वाळतो. त्याला उपत्वचा (कवचावरचं न दिसणारं पातळ आवरण) म्हणतात. हवा आत-बाहेर जाऊ द्यायची आणि जंतूंना दारात अडवायचं, हे तिचं काम. तुम्ही दोघांनी ती चोळून चोळून काढलीत."

"मी प्रत्येक अंड्याला एकवीस वेळा चोळत होतो," टापटीप मागून म्हणाला. त्याला वाटलं, कौतुक चाललंय.

"मग अंडी न धुता ठेवायची? शिटेची घाण तशीच?" मी विचारलं.

"नाही गं बाई. अंडं मळूच द्यायचं नाही. म्हणजे ते स्वच्छ जागी घातलं गेलं पाहिजे. म्हणजे खुराडं कोरडं पाहिजे, आणि कोंबडीला पेटी आवडली पाहिजे. चल, कामाला लागू."

पहिले दोन दिवस आम्ही नुसतं खुराडं साफ केलं. टापटीप पाण्याची नळी घेऊन आला, तर आजीने त्याला दारातच थांबवलं. तो रोज सकाळ-संध्याकाळ जमीन धुवायचा, आणि आम्हाला त्याचं कोण कौतुक! आजी म्हणाली, तीच तर गडबड. शिटेत नायट्रोजन असतो. ओलावा मिळाला की तिथले जंतू माजतात आणि त्या नायट्रोजनचा अमोनिया करतात. शीट कोरडी राहिली, तर त्यांचं काही चालत नाही. टापटीप रोज दोन वेळा जंतूंना पाणी पाजत होता म्हणायचा.

आम्ही ओला भुसा खरडून काढला, पोती भरली आणि गव्हाच्या बोगद्यात खतासाठी पाठवली. कोपरे पत्र्याने खरवडले. दांड्या, म्हणजे कोंबड्या ज्यावर बसून झोपतात त्या आडव्या काठ्या, सुकं फडकं घेऊन पुसल्या. मग वारा सोडून सगळं खडखडीत वाळवलं आणि गव्हाचं कापलेलं काड चार बोटं जाडीचं पसरलं. रोज सकाळी ते दाताळ्याने वरखाली करायचं, ओला दिसेल तेवढा भाग उचलायचा, बस्स. माझे हात भरून आले होते, पण तिसऱ्या दिवशी अमोनियाचा आकडा निम्म्यावर आला होता.

मग पेट्यांची पाळी. टापटीपने त्या छताजवळ, सर्वांत वरच्या फळीवर ठेवल्या होत्या. आमच्याकडे जमीन कमी, त्यामुळे जे काही ठेवायचं ते वर. शिवाय चंद्रावर सगळ्याचं वजन पृथ्वीवरच्या वजनाचा सहावा हिस्सा भरतं. पृथ्वीवरची दीड किलोची कोंबडी इथे पाव किलोची. पंख दोनदा फडफडवले की ती थेट छताला.

"रात्री पेट्यांत डोकावलीस कधी?" आजीने विचारलं.

डोकावले नव्हते. त्या रात्री दिवे मंद झाल्यावर बघितलं, तर बाराच्या बारा जणी पेट्यांत! डोळे मिटून, आरामात, आणि सकाळपर्यंत पेट्यांची दशा बघवत नव्हती.

"कोंबडी झोपायला नेहमी सर्वांत उंच जागा शोधते. खालून कोणी येऊन धरू नये म्हणून," आजी म्हणाली. "आणि अंडं घालायला खालची, अंधारी, आडोशाची जागा. अंडं कोणाला दिसू नये म्हणून. तुम्ही अंड्याची जागा छताला टांगलीत, वर दिवा लावलात. तिने तिथे झोप काढली आणि अंडं खाली कोपऱ्यात लपवलं. तिचं काय चुकलं?"

काजळी एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. मला तिची माफी मागावीशी वाटली, आणि मी मागितली.

बारा पेट्याही नको होत्या. चार जणींत एक पेटी पुरते. पाळी आली की त्या आपसांत भागवतात. आम्ही सामानाचे तीन रिकामे खोके घेतले, फूटभर लांब, फूटभर रुंद. दांड्या वर नेल्या आणि खोके त्यांच्यापेक्षा खाली, वीतभर उंचीवर बसवले. खोक्यांना वरून उतरतं छप्पर केलं, म्हणजे कोणी माथ्यावर बसणार नाही. समोर चार बोटं उंच पट्टी लावली, म्हणजे काड आणि अंडी घरंगळणार नाहीत. जुन्या अंतराळ-पोशाखाच्या अस्तराचे पडदे लावले आणि आत मऊ काड भरलं.

टापटीपने दिवा आणला. "आत अंधार आहे. आतलं दिसणार नाही."

"तुला दिसून काय करायचंय? तू घालणार आहेस का अंडं?" आजी म्हणाली.

शेवटी तिने पिशवीतून तीन करडी अंडी काढली. चंद्राच्या मातीची, तिने इथेच भट्टीत भाजलेली. "तिकडे पृथ्वीवर, आमच्या वेल्हे गावात टोपलीतली सगळी अंडी कोणी उचलत नाही. एक मागे ठेवतात. कोंबडीला अंडं दिसलं की ती समजते, कोणीतरी आधी घातलंय आणि ते शाबूत आहे, म्हणजे जागा भरवशाची." एकेका पेटीत तिने एकेक ठेवलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी पडदा बाजूला केला. मातीच्या अंड्याशेजारी एक खरं अंडं होतं. उबदार, आणि डाग म्हणून नाही. मी ते धुतलं नाही. हाताला सवय लागलेली, नळाकडे पाऊल वळलंही, पण नाही धुतलं.

आठव्या दिवशी त्याच पेटीत सहा अंडी झाली आणि काजळी त्यांवर बसली ती उठेचना. अंग फुगवून गुरगुरायला लागली. टापटीपने हात आत घातला, तर तिने त्याच्या बोटावर अशी चोच हाणली की तो दोन मिनिटं आपल्याच यंत्रणेत चूक शोधत बसला.

"खुडूक झाली," आजी हसली. खुडूक म्हणजे अंडी उबवायची ओढ लागलेली. "आता यंत्र नको की बिंत्र नको. एकवीस दिवस मोज."

आठ आणि एकवीस, एकोणतीस. यान तिसाव्या दिवशी. मी मोजले. काजळी दिवसातून एकदा उठायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची आणि धावत परत. घंटा एकदाही वाजली नाही. एकोणतिसाव्या दिवशी दुपारी पेटीतून एकदम बारीक आवाज आला. कवचाला एक तडा गेला, मग कवचाचं टोक निघालं, मग ओलं, गळून गेलेलं, जगातलं सर्वांत कुरूप पिल्लू बाहेर पडलं. मला ते फार आवडलं. संध्याकाळपर्यंत त्याची चार भावंडं आली. सहावं अंडं मात्र उबलं नाही.

तिसाव्या दिवशी सकाळी रिबेलो साहेब आले तेव्हा त्यांच्या हातात परतीचा तक्ता होता. नियमानुसार प्रत्येक प्राण्याचं नाव, जात आणि मूळ ठिकाण लिहायचं आणि त्याला त्या ठिकाणी परत पाठवायचं. तेरा ओळी आधीच भरलेल्या होत्या : मूळ ठिकाण वेल्हे, मूळ ठिकाण वेल्हे. त्यांनी भिंतीवरचा हवेचा आकडा पाहिला. मग ते गुडघ्यांवर बसले आणि पडदा उचलला. एवढ्यात एका पिल्लाने उडी मारली आणि ते साहेबांच्या खांद्यापर्यंत उडालं. तिथेच बसलं.

साहेब हलले नाहीत. त्यांनी चौदावी ओळ सुरू केली. नाव लिहायचं राहिलं. जात, कोंबडी. मूळ ठिकाण... आणि लेखणी थांबली.

"आजपर्यंत या रकान्यात हा शब्द कोणी लिहिलेला नाही," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी लिहिलं : चंद्र.

"मग त्याला परत कुठे पाठवणार?" मी विचारलं.

"कुठेच नाही. ते घरीच आहे." त्यांनी वरच्या तेरा ओळींवर एक सरळ रेघ मारली. "आणि एवढ्या लहान पोरांना आईपासून कोण तोडतं? सणस मॅडम, खुराडं वाढवायचं तर बोगदा किती लांब खणावा लागेल?"