खिंडीच्या अलीकडे

वाचायला सुरुवात करण्यापूर्वी दादाला थोडा वेळ गप्प बसावं लागे, आणि वहिनी म्हणायची, की अख्ख्या दिवसात घराला तेवढीच काय ती विश्रांती. दादा पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचा. घराची मागची खोली त्यासाठीच करून घेतली होती. भिंतींना गाद्या, दाराला जाड रजई, खिडकी विटांनी बुजवलेली. शेजारच्या चिंचोळ्या खोलीत, काचेपलीकडे, त्याची धाकटी बहीण कानांवर हेडफोन चढवून बसे. तिची चाळिशी उलटली होती, तरी घरात ती छोटीच राहिली होती.

छोटीचं काम कापाकापीचं. दादाचा खोकला, अडखळलेला शब्द, भुकेच्या वेळची पोटातली गुरगुर, सगळं ती छाटून टाकी. पण छाटलेली जागा तशीच रिकामी सोडली, तर ऐकणाऱ्याला खड्ड्यात पाय गेल्यासारखं होतं. तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते. शांतता काही सगळीकडे सारखी नसते, दमट दिवसाची वेगळी आणि कोरड्या दिवसाची वेगळी. म्हणून दादा रोज आधी माइकसमोर नुसता बसे आणि छोटी त्या दिवसाची शांतता साठवून घेई.

प्रकाशकानं त्या कादंबरीचे जाडजूड खंड पाठवले तेव्हा छोटीनं नाक मुरडलं होतं.

"तलवारी, राक्षस, आणि वर हा नकाशा! गोष्ट वाचायला नकाशा कशाला लागतो रे दादा?"

"हरवू नये म्हणून," दादा म्हणाला.

आजवर तिच्या हाताखालून व्यायामाची, बागकामाची, मन शांत ठेवण्याची पुस्तकं गेली होती. असल्या गोष्टींच्या वाटेला ती कधी गेली नव्हती. यात बर्फाच्या मुलखातल्या एका शहराच्या सगळ्या चुली विझतात, आणि दूरच्या गावातून माणसांची एक रांग मडक्यात विस्तव घेऊन तिकडे निघते. मडकं जमिनीला टेकवायचं नाही. रांगेतलं कोणी मागे राहिलं, तर ते येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. रांगेत एक कानतुटका शिपाई होता, एक खेचरवाली होती आणि कोणाशीच न बोलणारा एक राक्षस होता. सुरुवातीला छोटी जांभया आवरत ऐकत होती. मग एका दुपारी शिपायानं स्वतःच्या वाट्याचा पाव झोपलेल्या राक्षसाच्या पंज्यात ठेवला. दादानं ते वाक्य अगदी सपाट आवाजात वाचलं, आणि छोटीच्या लक्षात आलं, की आपण बराच वेळ काहीच कापलेलं नाही.

त्यानंतर ती पार वेडी झाली. केस विंचरताना, दळण आणताना, रस्ता ओलांडताना तिच्या डोक्यात ती रांग चालत असे. खेचरवाली दरीत पडली त्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन ढसाढसा रडली. वहिनीच्या हातातला डाव तसाच राहिला.

"अगं बाई, कोण गेलं?"

"खेचरवाली."

वहिनीनं कपाळावर हात मारून घेतला. "एक वेडा होताच घरात. आता दोन झाले."

पुस्तक बाजूलाच पडलेलं असे, पण पुढचं चोरून वाचावं असं छोटीला कधी वाटलं नाही. तिला ते दादाच्या तोंडूनच हवं होतं.

रांग आता शहराआधीच्या खिंडीकडे निघाली होती, दादाचा खोकला मात्र वाढत चालला. एका पानात तिला कितीतरी ठिकाणी शांतता भरावी लागायची. डॉक्टरांनी वाचन बंद करायला सांगितलं, वहिनीनं तर खोलीला कुलूप घालायची भाषा केली.

"छाती भरलीय ह्यांची, छोटी. तुला तरी कळायला नको?"

"एवढी खिंड ओलांडू देत, वहिनी. मग आरामच करायचाय त्याला."

बोलून गेल्यावर तिला लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी काचेपलीकडे दादा दिसल्यावर आधी हायसंच वाटलं.

त्याच सुमारास तिला शांततेत काहीतरी सापडलं.

अगदी बारीक होतं. जाड्या मिठावर कोणी पाय ठेवावा तसं. करर. थोडं थांबून पुन्हा, करर. छोटीला वाटलं, खुर्ची. तिनं खुर्ची बदलली. मग वाटलं, वहिनीचं वाटणघाटण. ते बंद ठेवायला लावलं. खोलीत उभं राहून कान टवकारले, तर काहीच नाही. पुन्हा रेकॉर्डिंग लावलं, तर होतंच. तिनं ते खरवडून काढलं आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी जास्त पावलं होती. त्याच्या पुढच्या दिवशी त्यांत एक धापही मिसळली होती, मोठ्या जनावराची असावी तशी. ती खरवडून काढायचा तिला धीर झाला नाही. बाहेर उन्हाळा रणरणत होता आणि माइकच्या जाळीवर दव धरलं होतं. तिनं ते ओढणीनं पुसलं.

शेवटी तिनं हेडफोन दादाच्या कानांवर ठेवले. दादानं डोळे मिटून ऐकलं.

"आज हळू चालतायत," तो म्हणाला.

"कोण?"

"बर्फ कच्चा असेल."

एवढं बोलून तो पाणी प्यायला गेला. पाऊस येईलसं वाटतंय, इतक्या सहज बोलला होता तो. छोटीनं पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर कदाचित वाचन थांबवावं लागलं असतं.

रांग खिंडीच्या तोंडाशी पोचली त्या वाक्यावर दादाला ढास लागली. ती थांबेचना. हॉस्पिटलमध्ये त्याच्या नाकातोंडावर मास्क चढवला, त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तो गेला.

छोटी धाय मोकलून रडली. आणि रडता रडता तिच्या मनात आलं, आता खिंडीचं काय? तिला स्वतःची किळस आली. पण तो प्रश्न काही तिला सोडून गेला नाही.

प्रकाशक भला माणूस. तो म्हणाला, उरलेलं दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ. छोटीनं साफ नकार दिला. मग एकदा हिय्या करून तिनं ते पुस्तक स्वतःच उघडलं. खिंड होती, बर्फ होता, शिपाई होता. सगळी नुसती अक्षरं होती. ओळ संपेपर्यंत आधीचा शब्द विझून जायचा. पानभर वाचूनही रांग कुठे पोचली ते तिला सांगता आलं नसतं.

दादाचा शेवटचा अध्याय नीट करायचा राहिला होता. त्याला शांतता कमी पडत होती. म्हणून तिनं रिकाम्या खोलीत माइक चालू केला, रजई ओढली आणि काचेआड येऊन बसली.

नंतर ऐकलं, तर पावलं होती. बोचऱ्या वाऱ्यात, एकामागून एक, रांगेनं.

ती रोज शांतता घ्यायला लागली.

घर आवरणं सुटलं, जेवण सुटत चाललं. कोणी विचारलं, तर म्हणे, थोडं काम राहिलंय. भर उन्हात ती पायमोजे घालून बसे. तिच्या ओठांना भेगा पडल्या. वहिनी सगळं बघत होती.

एका दुपारी वहिनी कुलूप घेऊनच आली.

"ऊठ."

"एवढं ऐकून होऊ दे."

"छोटी, त्या पुस्तकापायी मी एक माणूस घालवलंय. दुसरं नाही घालवणार. ऊठ म्हणते ना."

"वहिनी, ते अजून चालतायत."

"कोण चालतंय? बघू दे." वहिनीनं तिच्या कानांवरून हेडफोन ओढून घेतले आणि स्वतःच्या कानांना लावले. त्या गोष्टीतलं एक अक्षर तिनं कधी ऐकलं नव्हतं.

आधी तिच्या कपाळावर आठी होती. ती हळूहळू गेली.

तिनं टेबलाची कड धरली.

"हे..." वहिनी म्हणाली. "हा डावा पाय घासत टाकणारा. हे आहेत, छोटी. ह्यांचंच चालणं आहे. जन्मभर ऐकलंय मी, जिन्यावरून."

इतके दिवस ऐकूनही छोटीला ते ओळखू आलं नव्हतं.

वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"खोकत नाहीयेत," ती म्हणाली. "अजिबात खोकत नाहीयेत गं."

"खिंड ओलांडली का त्यांनी?" छोटीनं विचारलं.

वहिनीनं हेडफोन कानांवर दाबून धरले.

"वहिनी, ओलांडली का?"

"नाही." मग पुन्हा कान देऊन, "थांबलेत. सगळेच थांबलेत. कोणाची तरी वाट बघतायत."

"कोणाची?"

वहिनीनं सांगितलं नाही. तिनं फक्त हात पुढे करून छोटीचं मनगट घट्ट पकडलं. मनगट इतकं गार होतं, की तिनं दचकून वर पाहिलं.

छोटी समोरच बसली होती, शांत, थोडीशी हसरी. टेबलाखाली तिचे पाय चपला चाचपत होते.

सापडल्या. त्या ओल्या होत्या, आणि तळाला लागलेला बर्फ अजून पुरता वितळला नव्हता.