पोलादपूरची दोनशे बारा नावं

अकरा वाजले आणि दीप्तीच्या संगणकावरचं ते गोल चक्र फिरायला लागलं... फिरतच राहिलं. बाहेर पागोळ्या गळत होत्या. बाकावर सात आया, सात तान्ही बाळं, त्यातल्या चौघांनी भोकाड पसरलेलं.

"किती येल बसायचा गो?" नातवाला थोपटत बनुबाई म्हणाली. "आमाला काय दुसरी कामा नायत?"

दीप्ती तडक दाराशी गेली. हातात भिजलेलं हेल्मेट घेऊन एक तरुण नेमका तेव्हाच पायरी चढत होता.

"महाडच्या ऑफिसातून आलात?"

"हो, पण—"

"मग तिथल्या त्या दीडशहाण्याला निरोप द्या! आमची इंटरनेटची लाइन ती केवढीशी, आणि हा रोज अकराला त्यातून अख्खं दप्तर ओढून नेतो. इथे पोरं रडतात, ते त्याला ऐकू येत नाही!"

"आज आलं," तो म्हणाला. "मी... मीच तो. विनीत."

दीप्तीचे कान तापले. राग मात्र उतरला नाही. "बरं झालं. निरोपाचा फेरा वाचला."

लसीकरणाचं काम करणाऱ्या त्यांच्या संस्थेची दोन केंद्रं होती, एक महाडला, एक पोलादपूरला. मुलांच्या नोंदींचं दप्तर, विनीतच्या भाषेत डेटाबेस, दोन्हीकडच्या संगणकांत सारखंच असायचं. इथे नाव लिहिलं की तिथे उमटायचं. तिथे खोडलं की इथलंही जायचं. तेवढी चिमूटभर माहिती बारीक लाइनवरून सहज जाई. पण विनीत रोज पोलादपूरचं सगळं दप्तर महाडला ओढून त्याचा बॅकअप ठेवायचा, आणि लाइन तुंबायची.

"दोन्हीकडे तेच आहे ना? मग परत कशाला नेता?"

"आरशासमोर तुम्ही टिकली काढलीत, तर आरशातली राहील का?" विनीत समजावू लागला. "ही दोन दप्तरं म्हणजे माणूस आणि आरसा. चूकसुद्धा लगेच उमटते. बॅकअप म्हणजे फोटो. कालचा फोटो आज बदलत नाही."

"टिकलीच बरी सुचली?"

"समोर... दिसली म्हणून."

दीप्तीने घाईने खिडकीबाहेर पाहिलं. मग एकदम वळली. "अहो, मग फोटो इथेच काढा की! दप्तर माझ्या टेबलावर आहे. महाडहून कॅमेरा कशाला ताणता?"

विनीतने कपाळावर हात मारला. इतक्या महिन्यांत हे त्याला सुचलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात पोलादपूरला दोन छोट्या डिस्क आल्या. दर शनिवारी दप्तर दोन्हींवर उतरायचं. एक इथे राहायची, दुसरी महाडला जायची. सावित्री नदीचं पाणी महाडात शिरलं तर पोलादपूरची हाताशी, आणि इथे काही झालं तर महाडची. लाइन मोकळी झाली. आणि डिस्क न्यायला दर शनिवारी विनीत स्वतः येऊ लागला.

"एसटीच्या पार्सलनं मागवता आली असती," दीप्ती म्हणायची.

"पार्सल हरवतं."

"आणि माणूस?"

"तो तर... हरवायलाच येतो."

"फाजीलपणा पुरे! सही करा."

सहीपाठोपाठ चहा आला, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

मग कार्तिकातला तो बुधवार. दीप्तीने दप्तर उघडलं, तर वरच्या वाड्यांची मुलं गायब. एक ना दोन, दोनशे बारा! कुणाला कोणता डोस झाला, कुणाचा राहिला... काही नाही. पाच वर्षं पाय दुखेस्तोवर चढ चढून तिने ती नावं गोळा केली होती.

दुपारी साहेबांचं पत्र आलं. 'पोलादपूर केंद्राच्या हलगर्जीपणामुळे नोंदी नष्ट. दीप्ती यांच्या नेमणुकीचा महिनाअखेरीस फेरविचार.' खाली बारीक अक्षरात : 'माहिती देणारे : विनीत.'

तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं. हलगर्जीपणा? तिचा? त्या दिवशी विनीतचे नऊ फोन आले. तिने एकही उचलला नाही.

गुरुवारी सकाळी तो स्वतःच दारात उभा राहिला.

"आज शनिवार नाही," दीप्ती म्हणाली.

"दीप्ती, चूक माझी आहे. मी दोनदा लिहिलेली नावं काढून टाकत होतो. गीताबाई आल्या—"

महाडच्या जुन्या नर्स गीताबाई दीप्तीलाही माहीत होत्या.

"म्हणाल्या, 'वाड्यांवरच्या पोरांची नावा काढ रे, सगली.' मला वाटलं, हीच ती दुबार. मी खोडली. त्यांना कागदावर यादी काढून हवी होती!"

"आणि पत्र?"

"साहेबांना सांगितलं, पोलादपूरच्या नोंदी गेल्या. त्यांनी ऐकलं, पोलादपूरनं घालवल्या."

"वा! एकाला 'काढ' कळत नाही, दुसऱ्याला 'गेल्या' कळत नाही, आणि नोकरी माझी जाणार?"

दीप्तीने कपाटातून डिस्क काढली. "चल. ओत परत."

"सगळी ओतली तर शनिवारनंतरच्या नव्या नोंदी पुसल्या जातील, दोन्हीकडच्या. फक्त दोनशे बारा उचलू."

दुपारपर्यंत दोघं शेजारी बसून एकेक नाव तपासत होते. चार दिवसांत त्यातल्या एकोणीस मुलांना डोस दिले होते. ते दीप्तीने आपल्या वहीतून वाचून दाखवले. शेवटचं नाव पडद्यावर आलं. थोड्या वेळाने महाडहून गीताबाईंचा फोन आला, "आली रे, सगली आली!"

दीप्तीने वही मिटली. "पोरं आली. माझ्या पत्राचं काय?"

"मागे घेतलं. काल संध्याकाळीच मी साहेबांना चूक माझी म्हणून लेखी दिलं. आता फेरविचार माझा."

हे तिला ठाऊक नव्हतं.

"साहेब म्हणाले, गीताबाईंवर ढकल, मोकळा हो. नाही म्हटलं. मग विचारलं, त्या पोरीसाठी एवढी धावपळ कशाला? तर मी... सांगून टाकलं."

"काय सांगितलंस?"

"खरं होतं ते."

दीप्ती ताडकन उठली. "म्हणजे मला सांगायच्या आधी साहेबांना? आणखी कुणाला?"

"गीताबाईंना... त्या तिथेच होत्या."

"म्हणजे आत्तापर्यंत अख्ख्या महाडला कळलं असेल! जिची गोष्ट तीच शेवटी? लाज नाही वाटत? मला सांग. आत्ता. तोंडी!"

विनीतही गडबडून उठला. लाइन, डिस्क, दप्तर यांवर घडाघडा बोलणारा तो, त्याला तीन शब्द जुळेनात.

"मला तू... आवडतेस. खूप."

लसीसाठी बाकावर बसलेल्या आया पदराआड हसल्या. दीप्तीच्या भुवया अजून चढलेल्याच होत्या. पण ती पुन्हा खाली बसली, थोडी सरकली, आणि शेजारची जागा हाताने झटकून म्हणाली,

"बस इथे. आणि पुन्हा म्हण."