दादाचं नाक सरळच होतं

काकू त्या दिवशी निघाल्या त्या फक्त हातमोजे पोचवायला. टेबलावर बनवायला घेतलेली अर्धवट कवळी फडक्याखाली झाकली, नवऱ्याचे जुने, चिरा गेलेले हातमोजे कापडी पिशवीत घातले आणि नणंदेला बरोबर घेऊन त्या मैदानावर गेल्या. त्यांच्या नवऱ्यावर सिनेमा निघत होता. तो फुटबॉलचा गोलरक्षक. उभा राहिला की चेंडू आत जायचा नाही, म्हणून लोक त्याला 'कुलूप' म्हणत. जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण नाव कुणी विसरलं नव्हतं.

कुलपाचं काम करणारा नट समोर आला आणि नणंदेने काकूंच्या दंडाला चिमटा काढला.

"वहिनी, हा? आमच्या दादाचं नाक बघितलंय का यांनी?"

तेही खरंच होतं. तरुणपणी कुणाच्या तरी बुटाची लाथ बसून कुलपाचं नाक मोडलं आणि डावीकडे वळलं, ते वळलेलंच राहिलं. त्याच लाथेत समोरचे दोन दात गेले. ते करून घ्यायला तो काकूंच्या टेबलाशी आला आणि मग घरातलाच झाला. या नटाचं नाक मात्र पट्टी लावून आखल्यासारखं होतं.

"चेहराच हवा तर पुतळा उभा करता येईल," दिग्दर्शिका म्हणाली. "मला माणूस हवाय. पाच मिनिटांत लोक नाक विसरून जातील."

"विसरून जातील म्हणजे?" नणंद तापली. "आमचा माणूस आहे तो!"

काकूंना राग आला नाही. त्यांना गंमत वाटत होती. अजिबात तसा न दिसता एखादा माणूस दुसरा माणूस होतो तरी कसा, ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी नटालाच विचारलं, "तुला काय वाटतं रे?"

"खोटं नाक लावून बघितलं, काकू. गुदमरायला झालं. पण त्यांचा एखादा फोटो द्याल? खोलीत ठेवीन. निदान तोंडओळख तरी असावी."

काकूंनी पर्समधला फोटो काढून दिला. तो हसताना काढलेला होता, नाक आणखीच वाकडं दिसायचं.

पोरगा कामाला पक्का निघाला. गोलात उभा राहताना खांदे असे पाडायचा, की काकूंना क्षणभर नवराच उभा आहे असं वाटायचं. हळूहळू नणंदेची कुरकुरही थांबली. ती रोज मैदानावर जायची आणि घरी येऊन कौतुक सांगायची.

एका संध्याकाळी काकू सहज अल्बम घेऊन बसल्या. बाहेर अजून उजेड होता, खाली मुलं सायकली फिरवत होती. काकूंनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, मग चष्मा पुसला. तिसरं पान त्यांनी खिडकीशी नेलं.

फोटोतल्या माणसाचं नाक सरळ होतं.

माणूस तोच होता. अंगावर तोच सदरा होता आणि हनुवटीवर तीच खळी. फक्त नाक सरळ. भिंतीवरच्या मोठ्या फोटोतही सरळ. पासपोर्टवरही सरळ. काकूंनी नणंदेला हाक मारली.

"हे बघ गं... नाक."

"काय झालं नाकाला?"

"सरळ आहे."

नणंद त्यांच्याकडे बघतच राहिली. "वहिनी, बरं वाटतंय ना तुला? दादाचं नाक सरळच होतं."

काकूंनी अल्बम मिटला. फोटो बदलला हे एक वेळ परवडलं. पण सख्ख्या बहिणीच्या डोक्यातला भाऊ बदलला होता, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

त्या रात्री काकूंनी अंथरुणात पडल्या पडल्या त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. डोळे मिटले की सरळ नाकाचाच माणूस समोर यायचा. वाकडेपणा आता फक्त बोटांना आठवत होता... आणि तो किती दिवस टिकेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी नट स्वतःच त्यांच्या कामाच्या खोलीत आला. खोलीत वितळलेल्या मेणाचा वास भरला होता. तो दारातच थांबला.

"काकू... तुमच्याकडे काही... वेगळं होतंय का?"

"आधी तू सांग."

त्याने फोन पुढे केला. शाळेच्या गणवेशातला एक मुलगा. मग वाढदिवसाची टोपी घातलेला तोच मुलगा, आईच्या मांडीवर. सगळीकडे नाक मोडलेलं, डावीकडे वळलेलं.

"हा मी आहे," तो हळूच म्हणाला. "आरशात मी आहे तसाच आहे. पण काल घरी गेलो तर आई दार अडवूनच उभी. म्हणाली, बाळा, नाकाचं ऑपरेशन कधी केलंस? आम्हाला विचारलंही नाहीस... आणि रडायलाच लागली. म्हणाली, माझा मुलगा असा नव्हता."

काकूंनी तो फोटो जवळ घेऊन बघितला. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना आनंदच झाला. तेच नाक, शोधत होत्या तेच! मग त्यांची नजर पोराच्या चेहऱ्याकडे गेली. तो लहान मुलासारखा घाबरला होता.

"सिनेमा सोडू का मी?"

"अर्धा तर झालाय. सोडलास आणि हे असंच राहिलं म्हणजे? बस इथे, त्यांचं नाक मी करून देते."

बघून करायला एकही फोटो उरला नव्हता, आणि पोराच्या फोनमधल्या नाकावर विसंबायचं नाही असं काकूंनी ठरवलं. त्यांनी मेण कोमट केलं आणि डोळे मिटून घेतले. सर्दीच्या दिवसांत त्या नवऱ्याच्या नाकाला बाम चोळायच्या. आधी तो उंचवटा यायचा, मग एकदम खोलगट, मग बोट आपोआप डावीकडे घसरायचं. बोटं चालत राहिली. खोलीत आवाज फक्त त्या पोराच्या श्वासाचा होता. मध्येच त्या श्वासाला एक बारीक शीळ आली. मोडलेल्या नाकातून येते तशी. काकूंचे हात थबकले, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"झालं," त्या म्हणाल्या, तेव्हा शीळ थांबली होती.

रंगभूषाकाराने त्या मेणावरून रबरी नाक ओतून घेतलं. दिग्दर्शिकेने आधी कपाळाला हात लावला. मग नट ते नाक लावून गोलात उभा राहिला. नणंद तोंडावर पदर धरून ओरडली, "दादा!"

काकू घरी आल्या त्या थेट भिंतीसमोर उभ्या राहिल्या. नाक वाकडं होतं. अल्बमभर वाकडं होतं. थोड्या वेळाने नटाचा फोन आला, मागे त्याच्या आईचा हसण्याचा आवाज येत होता. काकू खुर्चीत बसल्या आणि मनसोक्त रडल्या.

आठवड्याभराने दिग्दर्शिकेने फोन केला. "काकू, उद्यापासून तुमचं काम करणारी मुलगी येतेय. गेले काही दिवस तुमचेच फोटो घेऊन बसलीय. आधीच सांगते, तुमच्यासारखी ती मुळीच दिसत नाही हं."

"बरं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. नणंद टेबलाशी बसून लग्नाचे फोटो पुसत होती. काकूंनी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. नवरा हसत होता, वाकड्या नाकाने. त्याच्या शेजारची नवरी कुणी परकीच दिसत होती, तिच्या डाव्या गालावर ठसठशीत तीळ होता.

काकू बेसिनवरच्या आरशापुढे गेल्या. गाल स्वच्छ होता.

"काय गं," त्यांनी तिथूनच विचारलं, शक्य तितक्या सहज आवाजात, "माझ्या गालावर तीळ आहे?"

नणंद हसत वळली. आणि काकूंच्या चेहऱ्याकडे बघताच तिचं हसू मावळलं. हातातला फोटो तिने छातीशी घट्ट धरला.

"वहिनी कुठे आहे?" तिने विचारलं. "आणि तुम्ही... तुम्ही कोण?"