घंटेला विळखा घालणारी बाई

हे खरं आहे. माझ्या सख्ख्या ओतामे मावशीच्या बाबतीत घडलंय. पटत नसेल तर आमच्या असाकुसाच्या चाळीत कुणालाही विचारा.

त्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता.

मावशीचा नवरा कुमेजिरो छापायच्या चित्रांचे लाकडी ठसे कोरायचा. त्याची पहिली बायको ओशिनो तापाने गेली आणि मग मावशी या घरात आली. तेव्हा त्याच्याकडे एका जुन्या कथेचं चित्र कोरायला आलं होतं. एका बाईचा प्रियकर तिला फसवून पळतो, देवळातल्या मोठ्या घंटेखाली लपतो. ती बाई जळून जळून नागीण होते आणि घंटेला विळखा घालते.

कुमेजिरो त्या बाईचा एकेक केस कोरत बसायचा.

"जेवायला येताय ना?"

"हिचे केस होऊ देत."

"माझ्या केसांकडे कधी इतकं बघितलंत?"

"तुझे कोरायचे नाहीयेत मला," तो हसून म्हणाला.

मावशीच्या ते जिव्हारी लागलं.

दुपारी तो गल्लीतल्या न्हाणीघरात अंघोळीला गेला. घरात मावशी एकटीच.

टक्... टक्... टक्...

आवाज कोरायच्या खोलीतून येत होता.

तिने दार सरकवलं. आवाज थांबला.

आत कुणीच नव्हतं. चटईवर लाकडाच्या ताज्या ढलप्या... आणि सकाळी अर्धवट असलेला चेहरा पुरा झालेला.

तो ओशिनोचा होता!

ती जिवंत असताना मावशीने तिला चाळीच्या विहिरीवर रोज पाहिलेलं. तीच हनुवटी. तेच तिरकं हसू.

"मेलीस तरी माझ्या नवऱ्याला सोडत नाहीस ना?"

तिने पटाशी उचलली आणि तो चेहरा पार खरवडून काढला. लाकडात खोल खड्डा पडला.

मागे कुणीतरी हळूच हसलं...

मागे कुणीच नव्हतं.

कुमेजिरो परतला. त्याने ठशावरून हात फिरवला.

"छान उतरलीय," एवढंच तो म्हणाला.

शेजारचा गिनबेई छपाई करायचा. त्याने शाई लावली, कागद घासला, उचलला. चेहऱ्याच्या जागी कोरा कागद निघणार, म्हणून मावशीने डोळे मिटून घेतले.

"अहो वहिनी, हा तर तुमचाच चेहरा!"

खरंच, मावशीचाच.

तिने ठशावर बोट ठेवलं. खड्डा तसाच होता...

कुमेजिरोने कागद उजेडाकडे धरला. कितीतरी वेळ बघत राहिला. मावशीकडे असं त्याने कधीच बघितलं नव्हतं.

मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "ओशिनो..."

ते चित्र त्याने भिंतीवर लावलंय. जेवतानाही तो त्याच्याशीच बोलतो.

"दुसरीचा चेहरा असता तर फाडून टाकला असता गं," मावशी माझ्या आईला म्हणाली. "आपलाच कसा फाडू?"

काल मावशी आमच्याकडे आली होती. समोर बसून चहा प्यायली, बोलली, गेली.

ती गेल्यावर मी आठवून बघितलं...

तिचा चेहरा मला आठवेना. आईलाही आठवेना.