दोन टोचे

"आजी, मांजर चावलंय ना? मग नुसती पट्टी घेऊन घरी जायचं नाही. तुम्हाला साखर आहे, आजच्या आज डॉक्टरांना दाखवा," औषधवाल्यानं बजावलं होतं.

"साखर माझी, आणि तोंड कडू तुझं," असं म्हणत ती हसत दुकानाची पायरी उतरली होती...

दाखवायला गेलं की सुनेला कळणार. आणि कळलं की? महिन्यापूर्वी नात चिमणी खाटेवरून पडली, तेव्हा कामावरून धावत आलेली सून तिला उराशी धरून म्हणाली होती, "आई, पुन्हा काही झालं तर मी हिला पाळणाघरात घालणार." आज त्या तीन वर्षांच्या पोरीनं शेजारच्या मांजराची शेपटी ओढली, मांजर उसळलं आणि आजीनं मध्ये हात घातला. तर्जनीवर दोन टोचे, सुईचे असावेत तसे. तेवढ्यासाठी का नातीचे दिवस गमवायचे?

तिनं भांडी घासायचा रबरी हातमोजा चढवला. "साबणानं हात खाजतो गं." सुनेनं काळजीनं आणखी एक जोडी आणून दिली... त्या मायेनं तर तिचे ओठ अधिकच शिवले गेले. टोचे वरून मिटले, आत बोट ठणकत राहिलं. स्वतःच्याच स्वयंपाकघरात ती कोंडल्यासारखी वावरत होती.

चौथ्या दिवशी तापानं ती ओट्याशीच खाली बसली. सुनेनं मोजा ओढून काढला. बोट जांभळं, टम्म सुजलेलं.

"वरून जखम बंद, आत पू हाडापर्यंत," डॉक्टर म्हणाले. "त्यात साखर चारशेवर. पहिल्याच दिवशी आला असतात तर धुऊन, औषधं, इंजेक्शनं देऊन भागलं असतं. आता बोट काढावं लागेल."

ऑपरेशननंतर आजी शुद्धीवर आली तेव्हा सून पायथ्याशी बसली होती.

"मला का नाही सांगितलंत, आई?"

"तू पाळणाघर म्हणाली होतीस..."

सुनेनं पदरात तोंड लपवलं. "मी घाबरले होते हो. माझ्या भीतीला तुम्ही एवढं भ्यायलात?"

"रडू नकोस. चिमणीला नऊपर्यंतच आकडे येतात ना? आता आजीच्या बोटांवर बरोबर मोजेल."

सून हसली नाही. तिनं तो पट्टीतला हात अलगद आपल्या मांडीवर घेतला. "घरी चला. ती तुमच्यापाशीच राहणार. फक्त यापुढे माझ्यापासून काही लपवायचं नाही..."

तुमच्याही घरात "मला काही झालं नाही" असं म्हणणारं कुणीतरी असेल. हे वाचून झालं की त्यांच्याजवळ जाऊन बसा. रागावू नका. आधी विचारा, माझी भीती वाटते का?